कणकेखालची वाइन

"आज बाबांनी पहिला घोट घेतला, की संध्याकाळी तळघराच्या किल्ल्या माझ्या कमरेला!" रविवारी सकाळी दाढी करता करता थिएबोनं जाहीर केलं. त्याची बायको सोलांज कांद्याच्या टार्टला कडा काढत होती. तिनं नुसतं "हं" केलं.

बाबा म्हणजे सोलांजचे वडील, लेओपोल्ड. त्यांनी जावयाला सांगून ठेवलं होतं, "माझ्या पिंपांतून एक वाइन जुळवून दाखव. जमली तर तळघर तुझं!" पिंपं चार जातींच्या द्राक्षांची: रिसलिंगचा आंबटपणा, मस्कातचा सुगंध, पिनो ग्रीचा भरदारपणा आणि सिल्वानरचा साधा स्वभाव. या चौघांना एका पेल्यात नांदवायचं म्हणजे चार जावांना एका चुलीवर आणण्यासारखं! थिएबो हिवाळाभर खपला आणि काल दुपारी ती जुळली. अशी जुळली, की पहिल्या घोटाला त्याचे डोळे भरून आले. प्रमाण काय होतं, ते मात्र त्या आनंदात साफ विसरला. हाताशी रिकामं भांडं नव्हतं, म्हणून त्यानं ती स्वयंपाकघरातल्या करड्या सुरईत ओतली आणि शीळ घालत द्राक्षमळ्यात निघून गेला.

दाढी आटोपून तो स्वयंपाकघरात आला.

"सोलांज, करडी सुरई कुठाय?"

"धुऊन पालथी घातलीय."

"आणि आतली वाइन?"

"बेकओफच्या रश्श्यात! काल संध्याकाळीच मांस मुरत घातलं ना."

थिएबोनं पालथी सुरई उचलून आत पाहिलं. "अगं, ती माझी वाइन होती!"

"मग करड्या सुरईत कशाला ओतलीस? त्या सुरईत उरलीसुरली वाइन ठेवतात आणि ती रश्श्यात जाते, हे आपल्या मांजरालाही ठाऊक आहे!"

"निदान वास तरी घ्यायचास!"

"घेतला की! सुरेख होता. म्हणून तर सगळी ओतली!"

तीन प्रकारचं मांस, बटाटे, कांदे आणि थिएबोचा अख्खा हिवाळा मातीच्या भांड्यात बंद होऊन ओव्हनमध्ये शिजत होता. झाकणाभोवती कणकेचा जाड वेढा होता.

"जरासं झाकण उचलू?"

"हात तर लावून बघ! कणीक फोडायचा मान बाबांचा."

तेवढ्यात बाबा जेवायला आलेच! थिएबोनं त्यांच्याकडून तळघर उघडून घेतलं, आठवेल तशी चारही पिंपांतून वाइन काढली, ढवळली आणि धापा टाकत पेला त्यांच्यापुढे ठेवला. लेओपोल्डनी घोट घेतला. मग टार्टचा तुकडा तोंडात टाकला.

"जावईबापू, टार्ट छान झालाय."

"आणि वाइन, बाबा?"

"टार्ट फारच छान झालाय."

थिएबोला वाटलं, धरणी दुभंगावी. इतक्यात सोलांजनं भांडं टेबलावर आणलं. लेओपोल्डनी सुरीनं कणीक फोडली, झाकण उचललं आणि वाफेबरोबर असा काही सुगंध उसळला, की तिघंही जागच्या जागी थिजली! पिकलेली द्राक्षं, मध, ओली माती, सगळं त्यात होतं. लेओपोल्डनी घाईनं ताट पुढे केलं. त्यांनी रस्सा चाखला आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोरी, कशात शिजवलंस हे?"

"माझ्या वाइनमध्ये, बाबा!" थिएबो ओरडलाच. "मी जुळवलेली! शप्पथ!"

लेओपोल्डनी सोलांजकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. "वास सुरेख होता, म्हणून सगळी ओतली."

"धन्य आहे तुझी, जावईबापू! पुन्हा जुळवशील?"

थिएबो बोटांवर प्रमाण मोजू लागला आणि पहिल्याच बोटाशी अडला.

लेओपोल्डनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या. थिएबोनं हात पुढे केला. किल्ल्या त्याच्या हातावरून पलीकडे गेल्या आणि सोलांजच्या ओंजळीत पडल्या.

"बाबा, पण वाइन तर मी..."

"तू जुळवलीस आणि विसरलास. हिनं नुसत्या वासावरून ती कुठे मुरवायची ते ओळखलं. आता पिंपं ही सांभाळेल. तू हिच्या हाताखाली शीक."

सोलांजनं किल्ल्या एप्रनच्या खिशात टाकल्या. थिएबो तावातावानं उठला. कडकडून भांडणार होता तो! पण तेवढ्यात त्याला दिसलं, की भांड्याच्या तळाशी जेमतेम चार चमचे रस्सा उरलाय आणि बाबांच्या हातातला पाव हळूहळू तिकडेच सरकतोय. किल्ल्यांवरून भांडायला पुढे जन्म पडला होता. त्यानं भांडं स्वतःकडे ओढलं.