बत्तीस अक्षरं आणि खेमाची जीप

चौथीच्या पोराला पंधरा मिनिटांत समजावता येणार नाही, अशी एकही अवघड गोष्ट जगात नाही! छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतरही कामरगावच्या माझ्या पडवीत रोज दहा-बारा मुलं बसतात. फुशारकी नाही, अनुभव आहे. तो मला पुढं कुठं घेऊन गेला, ते सांगतो.

आमच्या गल्लीला स्वप्निल नेट देतो. ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकानही त्याचंच. त्यानं येऊन सांगितलं, की माझ्या घरच्या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये खोट निघाली आहे. लांब मजकूर कोंबला की आतली मेमरी बिघडते आणि चोराला वाट मिळते. नवीन सॉफ्टवेअर टाकून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

तो गेला आणि मुलांनी विचारलं, मेमरी बिघडते म्हणजे काय? मी लगेच उदाहरणाला खेमाची जीप घेतली, आमच्या गावातून कारंजाला भाड्यानं जाणारी.

खेमाच्या जीपमध्ये जागा नऊ. खेमा कोंबतो पंधरा. राउटरच्या मेमरीतही अशाच मोजलेल्या जागा असतात. इथं नाव, त्याला लागून पासवर्ड, त्याच्यापुढं यंत्र चालवण्याच्या सूचना. चांगलं सॉफ्टवेअर दारातच सांगतं, ‘जागा नाही.’ खोट असलेलं सॉफ्टवेअर खेमासारखं म्हणतं, ‘सरका जरा.’ मग सरकत सरकत शेवटचा माणूस ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन पडतो, आणि गाडी कुठं जाणार हे खेमाच्या हातात राहत नाही. तो माणूस चोर असला, तर गाडी त्याच्या गावाला!

मुलं खूश. एकटी निकिता तेवढी खूश नव्हती. ही शेजारच्या गुलाबरावांची मुलगी, बारावी झालेली, लहान मुलांची गणितं तपासायला यायची.

“मंग टाकून घ्या ना गुरुजी नवीन. काहून थांबून राह्यले?”

मी म्हणालो, रविवारी बघू.

रविवार येण्याआधी गुरुवार आला. निकिताला वाशीमच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. संध्याकाळच्या बसनं घरी येता आलं पाहिजे, या अटीवरच गुलाबराव तयार झाले होते. म्हणजे वाशीम, नाहीतर घर. ऑनलाइन कागद चढवून जागा पक्की करायची शेवटची वेळ गुरुवारी पाच. स्वप्निलचं दुकान बंद होतं, म्हणून ती सकाळीच फॉर्म भरायला कारंजाला निघाली होती. मीच अडवलं. मी असताना कारंजा कशाला? तीन वाजता माझ्या कॉम्प्युटरवर बसू.

दुपारी एकला गिरजाबाई आल्या. आमचं नेट चार घरांत जातं आणि मोबाइलवर त्याचं नाव दिसतं ‘गुरुजी’. गिरजाबाई म्हणाल्या, “आमचं नाव कायले येईन त्याच्यात? आमी का गल्लीतले हाओ?”

आमच्याकडे लग्नपत्रिकेत एक नाव राहिलं तर वर्षभर बोलणं बंद होतं. गल्लीत अबोला नको, आणि तीन वाजेपर्यंत वेळही होता. मी मुलांना जमवलं, ‘गुरुजी’ काढून चारही घरांची नावं टाकायची ठरवलं. नाव किती लांब चालेल? राउटरच्या पानावर लिहिलं होतं, बत्तीस अक्षरं. आम्ही काना, उकार, वेलांटी, मधल्या रेघा, सगळं धरून मोठ्यानं मोजलं:

गुलाबराव-गिरजाबाई-चतुराबाई-राखी

एकतीस! स्वतःचं नाव मी मोठेपणानं गाळलं होतं. एक जागा उरली, तिथं मास्तराच्या सवयीनं पूर्णविराम दिला. बत्तीस. बटण दाबलं.

राउटरचे सगळे दिवे एकदम लागले, एकदम गेले, परत लागले. मग दर दोन मिनिटांनी तेच, मिरगी आल्यासारखं.

स्वप्निल मानोऱ्याला सासुरवाडीत होता. फोनवर त्यानं शांतपणे विचारलं, की नाव मराठीत टाकलं का. मग म्हणाला, “मराठीचं एक अक्षर त्याच्यात तीन जागा खाते गुरुजी. ते जुनं सॉफ्टवेअर अक्षरं मोजते, जागा नाही. हेच तर सांगून राह्यलो होतो.”

म्हणजे माझ्या बत्तीस अक्षरांनी अठ्ठ्याऐंशी जागा घेतल्या होत्या. गिरजाबाईंच्या ‘गि’पर्यंत नावाची जागा भरली, उरलेल्या गिरजाबाई पासवर्डावर बसल्या, चतुराबाई आणि राखी त्याच्याही पुढं, यंत्राच्या डोक्यात.

त्यानं सांगितल्याप्रमाणे मागच्या भोकात पिन दाबली. राउटर भानावर आला, पण सगळं विसरून. नेट परत चालू करायला लागणारा जोडणीचा नंबर स्वप्निलच्या वहीत, वही दुकानात.

“अन् दुकानाची चाबी?”

“माह्या खिशात हाय, गुरुजी.”

माझं नेट आल्यापासून गल्लीत कुणी मोबाइलचं रिचार्ज करत नव्हतं. राखीनं केलं, तर पान उघडलं आणि पहिल्याच कागदावर गोल फिरत राहिलं. सव्वातीन, साडेतीन. निकितानं कागद पिशवीत भरले आणि म्हणाली, “कारंजाले जातो मी.”

मी म्हणालो, एकटी नको, मी येतो.

खेमाची जीप भरल्याशिवाय निघत नाही. ती चारला भरली. मागं तेरा, पुढं दोघं, आणि मी सोळावा. खेमा म्हणाला, “गुरुजी, इकडून या,” आणि मला स्वतःच्या सीटवर घेतलं. तो अर्धा दाराबाहेर, मी अर्धा त्याच्या मांडीवर, गिअर माझ्या गुडघ्यांमध्ये. अर्ध्या वाटेवर चढाला त्यानं गिअर टाकायला हात घातला, मी पाय काढायला गेलो, आणि जीप आचका देऊन बंद पडली. सगळे उतरले. ढकलून ढकलून ती सुरू व्हायला वीस मिनिटं लागली.

कारंजाच्या दुकानात पोचलो तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. पडद्यावर लिहिलं होतं, मुदत संपली. निकितानं ते दोनदा वाचलं आणि कागद परत पिशवीत ठेवले.

दुसऱ्या फेरीत तिला लांबचं कॉलेज मिळालं, हॉस्टेलवर राहायचं. तिला पाठवा म्हणून मी आठ दिवस गुलाबरावांच्या दारात जाऊन बसलो. ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणायचे, “जाऊ द्या गुरुजी. भेंडी तोडली आज, घेऊन जा.” आठ दिवस मी भेंडी खाल्ली.

निकिता यंदा घरीच आहे. राउटरमध्ये नवीन सॉफ्टवेअर तिनंच टाकलं. दहा मिनिटं लागली. परवा पडवीत नवीन मुलांना ती खेमाच्या जीपचा धडा देत होती. सुरेख शिकवते, माझ्याहून सावकाश. एका पोरानं विचारलं, ताई, तो ड्रायव्हरच्या जागेवर बसलेला शेवटचा माणूस चोर होता का?

“नाही,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली. “गुरुजी होते.”

उत्तर बरोबर होतं. मी मान हलवली आणि फळा पुसायला घेतला.