अप्पांची ट्रायल

विश्वनाथअप्पांच्या गॅरेजात दुरुस्तीच्या आधी गाडीची जबानी होते. स्कॅनर लावायचा, पडद्यावर कोड उमटला की चष्मा कपाळावर चढवायचा आणि गिऱ्हाइकाला दरडावायचं, "ह्यो फिर्यादी हाय. मुजरिम न्हाई. मुजरिम येगळाच ऱ्हातो."

मी तेव्हा पुरता वैतागलो होतो. माझ्या जुन्या गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा तीन महिने पेटलेला. नांदेडातल्या दोन मेकॅनिकनी कोड वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलला, एकानं तर दोनदा. दिवा आठवडाभर गप्प बसायचा आणि पुन्हा हजर. कॉलेजात शिकवायला जाताना मी त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं होतं.

"फिर्यादीलाच फाशी देऊन राहिले की हो सर तुमी!" अप्पा म्हणाले. मग त्यांनी गॅरेजातला रेडिओ बंद करवला, मला श्वाससुद्धा हळू घ्यायला लावला आणि चालू इंजिनाकडे कान देऊन अर्धा तास उभे राहिले. शेवटी एअर फिल्टरच्या मागच्या रबरी पाइपावर बोट दाबलं, तशी इंजिनची थरथर थांबली. पाइपाला बारीक चीर गेली होती. तिथून जास्तीची हवा आत शिरायची आणि बिचारा सेन्सर तेवढंच ओरडून सांगायचा.

पाइप बदलला. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं.

"सुटले कसे? ट्रायल बाकी हाय," अप्पा म्हणाले. "इंजिन तापावं, निवावं, परत तापावं. लोह्यापस्तोर जाऊन येऊ."

लोहा म्हणजे नांदेडपासून तासाभराचं गाव. मी गाडी चालवायची, अप्पांनी शेजारी कान टवकारून बसायचं. लोह्यात एका शिलाईच्या दुकानासमोर त्यांनी थांबायला लावलं आणि बॉनेट वर करून पंधरा मिनिटं उभे राहिले. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच दुकान. दिवा तर कधीच विझला होता. माझी आठवड्याची एकुलती झोप लोह्याच्या रस्त्यावर चालली होती, पण अप्पांना नाही म्हणायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

त्या तिसऱ्या रविवारी दुकानातल्या बाईनं मला खुणेनं बोलावलं. "गाडी नीट झाली न्हवं?"

"दोन आठवडे झाले."

"मी त्यांची लेक, सुमन. माझ्या मनानं लगीन केलं म्हणून चार वर्सं बोलले न्हाईत. आधी दुसऱ्यांच्या गाड्या घेऊन यायचे. मी जवळ गेले की बॉनेट टाकून निघून जातात." ती थकल्यासारखी हसली. "आज चावी माझ्याकडं द्या सर."

मी चावी तिच्या हातात ठेवली.

ती चहा घेऊन आली. कप बॅटरीवर ठेवला आणि गाडीच्या पलीकडच्या अंगाला उभी राहिली. अप्पांनी घाईनं बॉनेटची दांडी धरली, माझ्याकडे बघितलं. "चावी?"

मी सुमनकडे बोट दाखवलं.

बराच वेळ अप्पा तो नवा पाइप चाचपत राहिले. मग कप उचलला, एक घोट घेतला आणि इंजिनाला म्हणाले, "साखर लई कमी हाय."

"शुगर हाय तुमाला," सुमन म्हणाली. "गोळ्या घेऊन राहिले का टायमावर?"

"हाव," अप्पा म्हणाले आणि दुसरा घोट घेतला. मी उगाचच मागच्या टायरमधली हवा बघायला गेलो.