धर्मादादांचे चार दात

धर्मादादा पाटील कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि कान देऊन ऐकतात. अलिबागच्या माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी आधी दार वाजवलं, मग भिंत, मग माझं टेबल आणि शेवटी टेबलावरचा प्लास्टरचा जबडा. "पोकल हाय," ते म्हणाले. माझ्याबद्दलही त्यांचं तेच मत झालं असावं. फक्त बाईमाणसाला वाजवून बघणं बरं दिसत नाही म्हणून मी सुटले.

वय अडुसष्ट. धरमतर खाडीकाठच्या एका गावातले. उमेदीची वर्षं मिठागरात गेली, मिठागर बंद पडल्यावर ट्रकवर. बांधावरून पडून वरचे समोरचे चार दात गेले होते आणि ओठाला टाके होते.

"बाय, दात बसव. आजच."

मी त्यांच्या मुलीच्या वयाची. त्यामुळे डॉक्टर वगैरे भानगडीत ते पडलेच नाहीत. जखम भरल्यावर मी त्यांना काढता-घालता येणारे चार दात करून दिले. तिसऱ्या दिवशी ते रुमालात बांधून परत आले.

"ह्ये नको. निघतात."

"दादा, ते झोपताना काढायचेच असतात."

"तेच तर. निघनारं नको. मना पक्कं पायजे."

'पक्कं का?' हा त्यांचा जगाला एकच प्रश्न होता. एसटी पावणेपाचची, पक्कं का? माझ्या असिस्टंटचं लग्न ठरल्याचं कळलं, तेव्हा तिलाही त्यांनी हेच विचारलं. पुढं तिचं मोडलं. ती अजून दादांनाच दोष देते.

पक्कं म्हणजे इम्प्लांट. टायटॅनियमचा छोटा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवायचा, आणि हाडानं तो धरला की त्यावर दात चढवायचे. चार दातांना दोन स्क्रू पुरणार होते. पण वरच्या जबड्याचं हाड विरळ असतं, म्हणून मी पाच-सहा महिने सांगितले.

"सहा म्हैने? अगो, स्लॅब एकवीस दिवसांत पक्का व्हतो!"

"स्लॅब नुसता कडक होतो, दादा. इथं हाड वाढावं लागतं. स्क्रू पहिल्या दिवशी घट्ट लागतो, पण तो नुसता आवळून बसवलेला असतो. मग त्याच्या कडेचं दुखावलेलं हाड शरीर काढून टाकतं आणि नवं भरायला घेतं. त्यामुळं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो पहिल्या दिवसापेक्षा कच्चा असतो. तेव्हा धक्के बसले तर हाडाऐवजी नुसतं मांस भरतं आणि स्क्रू हलायला लागतो. नाही बसले, तर नवं हाड थेट धातूच्या अंगाला चिकटतं. मध्ये काही उरत नाही."

दादांनी टेबलावरचा जबडा पुन्हा एकदा वाजवून पाहिला. मग म्हणाले, "हाडाला कलत न्हाय का, ह्यो परका हाय म्हनून?"

"टायटॅनियमच्या बाबतीत नाही कळत. आणि बिडी बंद. बिडीनं रक्त कमी पोचतं, हाड भरत नाही."

चाळीस वर्षांची बिडी त्यांनी त्या दिवशी सोडली. माझा विश्वास नव्हता; पण दोन आठवड्यांत ते एसटीच्या कंडक्टरशी, आमच्या दारातल्या कुत्र्याशी आणि माझ्या नवऱ्याशी भांडले, तेव्हा पटला.

स्क्रू बसवल्यावर न बोलावता दर सोमवारी यायचे. बाहेरच्या बाकावर बसून इतर पेशंटना ज्ञान द्यायचे. "चौथा आठवडा वाईट. हलला का समजा गेला!" एकदा दोन माणसं चपला घालून मुकाट्यानं निघून गेली. नुसती दाढ दाखवायला आली होती बिचारी.

चौथ्या महिन्यात एका सोमवारी दादा आले नाहीत. पुढच्याही नाही. फोन लागेना. पेणला जायचं होतं, तेव्हा वाट वाकडी करून मी त्यांच्या घरी गेले.

ओटीवर एक वाळलेली बाई भिंतीला टेकून बसली होती. केस तेल लावून नीट विंचरलेले, भांग सरळ. दादा समोर उकिडवे बसून तिला चमच्यानं पेज भरवत होते.

"ताप व्हता हिला," मला पाहून ते म्हणाले. "ही हिराबाय. माजी बायको."

हिराबायनं माझ्याकडं पाहिलं. "आमचं मानूस दिसलं का गो तुला? कामावर जेलंय. कवा येनार?"

मी दादांकडं पाहिलं. त्यांनी चमचा पुढं केला, तिनं तोंड उघडलं.

नंतर अंगणात त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपासून तिला आठवत नाही. एका दुपारी ती एकटीच खाडीच्या बांधावर चालत गेली. तिला धरायला धावताना हे पडले. रक्तानं भरलेलं बोळकं तोंड तिनं बघितलं आणि तेव्हापासून ओळखलंच नाही.

"त्या दिवशी घरात घेईना. तू कोन, माजा नवरा कुठं हाय, म्हनून ताट फेकलं. तू दिलेलं दात घातलं, तर गप झाली. पन तिच्यासमोर काढलं, तशी अशी किंचाळली का सगला गाव गोला झाला. म्हनून तुला बोललो, पक्कं पायजे."

"आता ओरडत नाहीत?"

"आता न्हाय. म्हातारबा म्हनते मना. खाते हातनं. पन वाट नवऱ्याची बगते ना, बाय."

आतून हाक आली, "म्हातारबा, पेज निवली!" आणि ते लगबगीनं आत गेले.

सहा महिने भरले. मी स्क्रूवर हलकेच ठोकलं. खणखणीत आवाज आला. यंत्रानं मोजलं, एक्स-रे काढला. दोन्ही पक्के. पुढच्या पंधरवड्यात दात तयार होऊन आले, मी ते बारीक स्क्रूनं वर आवळून बसवले. दादांनी पिशवीतून इस्त्रीचा पांढरा सदरा आणला होता. तो घालून ते आरशासमोर उभे राहिले, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, हा माणूस एके काळी देखणा असणार. थोडा करडाही.

पाचव्या दिवशी ते परत आले. दाढी वाढलेली.

"तिनं ओळखलं नाही?" मी विचारलं.

"लगेच ओलखलं. डोक्यावर पदर घेतला. उठून उभी ऱ्हायली." ते खुर्चीत बसले. "चार दिस जेवली न्हाय, बाय. माज्या हातनं घास घेईना. मालकाच्या हातनं कसं खाऊ, म्हनते. तुमी आधी बसा, मंग मी. मी जेवून उठेपरेंत ती इसरते, जेवायचं व्हतं म्हनून. काल माज्या पायाशी बसून रडाय लागली. तो म्हातारबा कुठं जेला? तुमी त्याला हाकललात का? लय मायेचा व्हता म्हनते."

मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

"उभ्या जल्मात मी तिला तांब्याभर पानी दिलं न्हवतं," दादा म्हणाले. "आरडलो मात्र लय."

मग त्यांनी तोंड उघडलं. "काढ."

"दादा, स्क्रू आता निघायचे नाहीत. हाडानं धरलेत."

"त्ये ऱ्हाऊ दे आत. वरचं काढ."

दहा मिनिटांचं काम. मी दात सोडवले, स्क्रूंवर छोटी झाकणं बसवली आणि दात डबीत घालून त्यांना देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. पांढरा सदरा बदलून साधा घातला आणि गेले.

पंधरा दिवसांनी तपासणीला आले. मी विचारलं, "जेवतात का?"

"जेवते की. भात मागून घेते."

"आणि काही विचारतात?"

"रोज विचारते. आमचं मानूस कवा येनार, म्हातारबा?"

"मग तुम्ही काय सांगता?"

दादांनी ओठ मिटून घेतले. "सांगतू, कामावर हाय. तू जेव."