ढोलेकाकांचं खेळाचं कपाट

नेर गावात, आमच्या पेठेतल्या वाचनालयात मी पहिल्यांदा गेले ती दिवाळी अंक आणायला, आणि बाहेर पडले ती सापशिडी घेऊन. याला कारण ग्रंथपाल ढोलेकाका. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही. चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, घरी मानसं किती?"

"तिघं. मी, आमचे हे आणि सासूबाई."

"त्यातले एकमेकाशी बोलतात किती?"

त्या आठवड्यात माझं आणि सासूबाईंचं बोलणं बंद होतं. ते माझ्या तोंडावर लिहिलं होतं की काय, कोण जाणे! काकांनी मागचं लोखंडी कपाट उघडलं. "ल्युडो देत नाई. त्यात एकमेकाची गोटी मारता येते, सध्या तुमच्या घरी थे बरं नाई. सापशिडी न्या. त्यात कोनाची अक्कल लागत नाई, म्हनून कोनी कोनाची अक्कल काढत नाई."

मला राग आला. मी शाळेत भूगोल शिकवते, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची मला सवय नाही. पण चौथ्या दिवशी सासूबाई शेवटच्या रांगेतून सापाच्या तोंडात शिरून थेट खाली आल्या आणि माझ्याच तोंडून "माय वो!" निघालं. त्या हसल्या. तेव्हापासून मी ढोलेकाकांची गिऱ्हाईक झाले.

पुस्तक कोणतंही न्या, काका मान वर करत नाहीत. खेळ मात्र नाडी बघून देतात. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून भांडलेल्या दोघा भावांना त्यांनी एकच कॅरम दिला. अट अशी की डबल्स खेळायचं आणि दोघांनी एकाच बाजूचं व्हायचं. निवृत्त मुख्याध्यापकांना बुद्धिबळ साफ नाकारलं. "सर, तुमी हरता अन् घरचे उपाशी झोपतात."

परत आलेला खेळ ते टेबलावर ओतून मोजतात. एका ल्युडोत पंधरा गोट्या आणि सोळावीच्या जागी शर्टाचं बटण आहे. मी एकदा कीव येऊन खरी गोटी नेऊन दिली, तर घेईनात. "रजिस्टरात बटन चढलं हाय. चढलं म्हंजे चढलं."

याच वाक्यानं त्यांच्या स्वतःच्या घरात आग लावली होती. पुढे आम्ही घर बदललं तेव्हापासून काकांची आणि आमची भिंत एक, त्यामुळे मला सगळं ठाऊक. गेल्या पोळ्याच्या सुमारास सिंधूकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, बहिणीकडे पांढरकवड्याला गेल्या होत्या. काकांच्या मनात आलं, कपाटात सगळं आहे, सारीपाट तेवढा नाही. त्यांनी काकूंच्या पेटीतून काकूंच्याच आईनं भरलेला कापडी पट काढला, वाचनालयात आणला, रजिस्टरात चढवला आणि वर जांभळा गोल शिक्का हाणला.

काकू परतल्या. पट मागितला. काका म्हणाले, "दाखल झालेली वस्तू परत देता येत नाई. पंधरा दिवसासाठी नेता येते."

त्या दिवसापासून काकू त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. हिवाळा सरत आला, तूर घरात आली, तरी नाही. निरोप्या म्हणून माझी नेमणूक झाली. "मॅडम, त्यायले सांगा, दळन आनून ठेवा." "मॅडम, त्यायले सांगा, गॅस संपला." मी वाचनालयात जाऊन निरोप द्यायची. काका ऐकून घ्यायचे आणि दर वेळी हळूच विचारायचे, "आनखी काई म्हनाली का?"

काकू काही म्हणालेल्या नसायच्या. साऱ्या गावाला बोलतं करणारा हा माणूस स्वतःच्या घरात मुक्यानं जेवत होता. मला त्याचं वाईट वाटायचं, आणि चीडही यायची.

शेवटी मी काकूंनाच विचारलं, "एका कापडासाठी इतकं काहून ताणता?"

काकू तांदूळ निवडत होत्या. "कापड गेलं त जाऊ दे. मले पुसलं असतं त मीच देलं असतं. पन आईचे डोये गेलते, मॅडम. चौथी बाजू तिनं चाचपून चाचपून भरली. टाके वाकडे हायेत. यायनं नेमका तिथंच ठप्पा मारला."

मी ते जसंच्या तसं काकांच्या कानावर घातलं. त्यांनी कपाट उघडलं, पट उलगडला आणि चौथ्या बाजूवर बोट ठेवलं. "मले वाटलं, तिथं जागा मोकळी हाय," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी अर्ज लिहिला. 'सदर पट मी मालकिणीस न विचारता आणला. चूक माझी आहे. तरी पट परत मिळावा, ही विनंती.' अर्जदार ढोले, अर्ज घेणारे ग्रंथपालही ढोलेच. आवक क्रमांकही टाकला. खाली 'मालकिणीचा अभिप्राय' म्हणून जागा सोडली आणि कागद माझ्या हाती दिला.

काकूंनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "उद्या शाळा सुटल्यावर माह्यासंग चाला."

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्यांदा वाचनालयाच्या पायऱ्या चढल्या. पेपर वाचणारी मंडळी माना वळवून बघू लागली. काकांनी गडबडीनं पट आणून टेबलावर पसरला. काकूंनी कनवटीची पुरचुंडी सोडली. त्यात सोंगट्या होत्या, कवड्या होत्या. त्या एकेक करून मांडल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, त्यायले सांगा, बसा म्हना."

काका समोर बसले. कवड्या हातात घेतल्या, या हातातून त्या हातात केल्या, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. "मॅडम, तिले सांगा, मले येत नाई."

सारं कपाट तोंडपाठ असलेल्या या माणसाला सारीपाट खेळता येत नव्हता! पेपरवाले हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, थेट काकांकडे पाहिलं.

"लग्न झालं तईपासून शिकवते म्हनून राह्यली," त्या म्हणाल्या. "तुमाले कधी बसा वाटलं का? असं नाई. मूठ सैल ठेवा."

मी समोरचं वर्तमानपत्र उचलून तोंडापुढे धरलं. मला रडू येत होतं, आणि पेपरवाल्यांत दोन माझ्याच वर्गातल्या पोरींचे बाप होते.

"टाका न आता," काकूंचा आवाज आला. "मले सैपाकाले जाचं हाय."

कवड्या पडल्याचा आवाज झाला. मी पेपराच्या कडेवरून पाहिलं. दान किती पडलं, ते काकांना ठाऊकच नव्हतं. ते काकूंकडे बघत होते.