खोकल्यावर चालणारा टीव्ही

पुलगावच्या किराणा दुकानदार भैय्याजींनी दिवाळीआधीच छतावर डिश बसवली, बैठकीत नवा टीव्ही आणला आणि जुना फेकवेना म्हणून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी मांडला. मेकॅनिक धर्मेंद्रनं भिंतीला भोक पाडून बैठकीतल्या सेट टॉप बॉक्सची एक वायर आत नेली. जाताना म्हणाला, "एका डब्यावर दोन टीव्ही चालते, भाऊ. फक्त बैठकीत जे लागन, तेच आत दिसन."

बैठकीत भैय्याजींचे वडील नानाजी बसत. त्या घरची रीत जुनी होती. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, सुनेनं सासऱ्यापुढे यायचं तर पदर सावरून, खाली मान घालून. चोवीस वर्षांत नानाजी आणि भैय्याजींची बायको सुलोचनाबाई यांच्यात एक शब्द झाला नव्हता. भांडण मुळीच नव्हतं. माया होती, पण तिला तोंड नव्हतं. जे काही सांगायचं ते भैय्याजींच्या मार्फत. भाजीत मीठ जास्त झालं, हेसुद्धा दुकानातून फिरून यायचं.

तेव्हा नानाजी पाहतील ते सुलोचनाबाई पाहू लागल्या. वरणाला फोडणी पडायची आणि पडद्यावर कापसाचे भाव पडायचे. त्यांची तक्रार नव्हती. पण एक्याऐंशी वर्षांच्या नानाजींचं बोट आवाजाच्या बटणाकडे निघालं की वाटेतच भलतीकडे उतरायचं. पडदा निळा होऊन काहीतरी इंग्रजीत विचारू लागायचा आणि भैय्याजींना अर्धी तोललेली तूरडाळ तराजूत ठेवून आत धावावं लागायचं. एका दिवसात असं चारदा झालं, तेव्हा त्यांनी धर्मेंद्रला बोलावून डबा आणि रिमोट दोन्ही स्वयंपाकघरात हलवले. आत जे लागेल ते आता बैठकीत दिसणार होतं.

पण नानाजींना बातम्या हव्यात हे सुनेला सांगायचं कुणी? पुन्हा भैय्याजीच. गिऱ्हाईक साखर मागे आणि हे आत जाऊन कीर्तन लावायला सांगून येत. आठवडाभरात ते मेटाकुटीला आले आणि त्यांनी एक तोड काढली. नानाजी एकदा खोकले की बातम्या, दोनदा खोकले की कीर्तन, तीनदा खोकले की जुना हिंदी सिनेमा. दोघांनाही हे पटलं. रीतही राहिली आणि टीव्हीही चालला. नानाजी इतके मोजून मापून खोकत, की शेजारचे किसनराव म्हणाले, यांचा दमा मोठा शिस्तीचा आहे.

अशातच आंजीहून निरोप आला. आंजी म्हणजे सुलोचनाबाईंचं माहेर, पुलगावपासून एस.टी.नं तासाभराचं. आईवडील गेले, भावानं घर विकलं आणि तो तासाभराचा रस्ता दहा वर्षं लांबला. कणीक मळताना त्या कधीकधी आपणच बांधलेली ओवी गुणगुणत:

आंजीची माही वाट, नाही काटा नाही गोटा
आडवा पडला बाई, माह्या घरचा उंबरठा

निरोप असा होता, की आंजीच्या बायांनी भुलाबाईची गाणी म्हटली, नागपूरला त्याचं शूटिंग झालं आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला ते टीव्हीवर दाखवणार आहेत. त्यात तानाबाई होती. भादवा सरता सरता जिच्यासोबत सुलोचनाबाई मातीची भुलाबाई घेऊन घरोघर गाणी म्हणत हिंडल्या, ती तानाबाई. तिला पाहूनही दहा वर्षं झाली होती.

त्यांनी भैय्याजींना विनवलं, "मामाजीले सांगजा, गुरुवारी अर्धा घंटा खोकलू नका म्हनाव."

भैय्याजींनी सांगितलं. नानाजींनी मान हलवली. गुरुवारी भैय्याजी माल आणायला वर्ध्याला गेले, दुकान बंद राहिलं आणि घरात दोघंच उरली.

सुलोचनाबाईंना साडेसहाच्या आत स्वयंपाक उरकायचा होता. घाईत तेल जास्त तापलं आणि त्यात सुक्या मिरच्या पडल्या. धूर स्वयंपाकघरात थोडाच राहिला, बाकीचा सरळ बैठकीत गेला. इकडे पडद्यावर आंजीच्या बाया फेर धरून उभ्या राहिल्या, आणि तिकडून खोकला ऐकू आला. एक.

त्यांचा हात रिमोटवर गेला, पण दाबवेना. मान हलवली होती ना त्यांनी? पण म्हातारं माणूस, विसरलं असेल. विचारणार कसं? त्यांनी डोळे मिटून बातम्या लावल्या. तेवढ्यात दोन खोकले आले. त्यांनी कीर्तन लावलं. मग तीन. सिनेमा लागला. मग पाच-सात एकदम आले. इतक्या खोकल्यांचं काही ठरलंच नव्हतं. त्यांनी घाबरून दिसेल ते बटण दाबायला सुरुवात केली. बैठकीत नानाजींच्या डोळ्यांपुढून बुवा गेले, दरोडेखोर गेले, हत्ती गेले. ते हात हलवत होते, काठी आपटत होते, पण घशातून शब्द निघत नव्हता. काठीचा अर्थ न कळून सुलोचनाबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी भिंतीपलीकडून एक चिरका आवाज आला.

"सूनबाई, ठसका हाये थो. मिरचीचा."

सुलोचनाबाई जागीच थांबल्या. चोवीस वर्षांत त्यांनी तो आवाज लोकांशी बोलतानाच ऐकला होता.

"लाव तुही भुलाबाई," आवाज पुढे म्हणाला. "मी पाह्यतो."

त्यांनी भुलाबाईचं चॅनल लावलं. फेर अजून चालू होता. दोन्ही खोल्यांत त्याच बाया, तेच गाणं.

"यातली तुह्या सोबतची कोनती?"

सुलोचनाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. मध्ये भिंत होती, तरी घेतला. "मांगची, मामाजी. हिरव्या लुगड्याची. तानी."

"उंच हाये."

"लहानपनी माह्याहून बुटकी होती," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना थांबता येईना. एका वर्षी तानीच्या हातून भुलाबाई सुटून पाटलाच्या विहिरीत पडली. नवी कुठून आणायची, म्हणून दोघींनी कुंभाराच्या ओट्यावरून एक उचलली. कुंभार उठला. दोघी परकर खोचून धावल्या, मागून कुंभार, त्याच्यामागून कुत्रं, चिंचेच्या झाडापाशी एक चप्पल गेली. पलीकडून मधूनमधून "हं" येत होतं. त्या भिंतीकडे तोंड करून सांगत होत्या, हातवारे करत होत्या, हसत होत्या.

मध्येच त्यांचं लक्ष टीव्हीकडे गेलं. पडद्यावर साबणाची जाहिरात चालू होती. गाणी केव्हाच संपली होती. तानाबाईचा चेहरा त्यांनी धड पाहिलासुद्धा नव्हता. त्यांनी रिमोट हळूच पिठाच्या डब्यावर ठेवला आणि पदराच्या टोकानं डोळे पुसले.

"काऊन थांबली?" नानाजी म्हणाले. "चिंचेपावतर आल्या होत्या तुमी दोघी."