मालुआत्तीची ड्युटी

सरकारी कामात मला कुणी शिकवू नये. बेळगावात वकिलाकडं कारकून आहे मी, कन्नड फाडफाड बोलतो. म्हणूनच कडोलीच्या मालुआत्तीची, म्हणजे माझ्या वडिलांच्या बहिणीची, विधवा पेन्शन बंद झाली तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "आत्ती, तू नुसती माझ्यामागनं चल."

झालं होतं असं. बेकारांना नोकऱ्या लावायचं काम सरकारनं एका कंपनीला दिलेलं, माणशी पैसे ठरवून. कंपनीनं कडोलीत मेळावा भरवला. आत्ती तिथं फुकटचं उप्पीट खायला गेली आणि अंगठा देऊन आली. कंपनीनं तिला कागदोपत्री नोकरीला लावलं. बेळगावच्या खासबागेतल्या स्वतःच्याच ऑफिसात, सिक्युरिटी गार्ड! काठीशिवाय आत्तीला उठता येत नाही. पण पेन्शन खात्यानं नोटीस धाडली : नोकरी असताना घेतलेली पेन्शन परत भरा.

आम्ही पेन्शन ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "कॉम्प्युटर नोकरी दाखवतोय. कंपनीला विचारा."

कंपनीचा मॅनेजर नागेंद्र म्हणाला, "एकदा नाव चढलं की आमच्या हातात काय न्हाय. पेन्शनवाल्यांना विचारा."

दिवसभर मी चेंडूसारखा इकडून तिकडं. शेवटी आत्ती म्हणाली, "नोकरी हाय म्हंत्यात न्हवं? मग मी ड्युटीवर जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कंपनीच्या दारात स्टूल टाकून बसली, काठी आडवी धरून. मी शेजारी उभा. नागेंद्र आला.

"आजी, सरका."

"वळखपत्र?"

"मी मॅनेजर हाय."

"समदी तसंच म्हंत्यात."

चिडून त्यानं पेन्शनच्या साहेबांना फोन लावला, "तुमची म्हातारी घेऊन जा." साहेब आले. आत्तीनं त्यांनाही अडवलं. आता दोघं एकाच पायरीवर उभे. एकमेकांकडं धाडायची सोयच उरली नाही.

आत्तीनं विचारलं, "माझा पगार कोण देणार? तुमी का ह्ये?"

"कसला पगार? तुम्हाला नोकरी कुठं हाय?" नागेंद्र बोलून गेला.

साहेब सावकाश त्याच्याकडं वळले. "हेच लिहून द्या."

तिथंच, आत्तीनं रिकाम्या केलेल्या स्टुलावर कागद ठेवून, त्यानं लिहून दिलं. वसुली रद्द झाली, पुढच्या महिन्यात पेन्शन सुरू झाली.

पण त्या दिवशी आम्ही निघताना नागेंद्र आत्तीला म्हणाला, "आजी, खरंच नोकरीला या. आमचा गार्ड कुणालाच अडवत न्हाय."

"नगं बाबा, पेन्शन बुडंल. ह्यो माझा भाचा हाय, शिकल्याला, ह्येला घ्या."

मी संकोचानं हसलो. आत्तीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"न्हाय, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्यो समद्यांस्नी साहेब म्हणून आत सोडंल."