आठ दिवस नजर जमिनीवर

निपाणीच्या भुजबली अण्णांनी मुलीच्या लग्नाचं आमंत्रण संकेश्वरच्या थोरल्या बहिणीला, राजाबाईला, मोबाईलवर धाडलं. घरी जाऊन कुंकू लावून अक्षता द्यायला म्हणे वेळ नव्हता. राजाबाई लग्नाला आलीच नाही. आधी त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवावं, असा तिचा निरोप आला. अण्णा म्हणाले, या जन्मी नाही. दोघं एकाच आईची. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. तीन वर्षं बोलणं बंद होतं. भाऊबीजेला मात्र अण्णांच्या घशाखाली लाडू उतरत नसे.

मग अण्णांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. बेळगावच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. बुडबुडा वर चढतो. तोंड जमिनीकडे ठेवलं, तरच तो मागचा पडदा दाबून धरणार. म्हणून आठ दिवस जेवण, झोप, गप्पा, सगळं पालथं. मान वर केली तर डोळ्याची आशा सोडा, असं त्यांनी बजावलं.

अण्णा माणसं पायांवरून ओळखू लागले. शेजारचा वृषभ समाचाराला आला, तर म्हणाले, "काय वृषभा, चप्पल नवी घेतलास व्हय?"

चौथ्या दिवशी दुपारी उंबऱ्यात दोन पाय येऊन थांबले. टाचा भेगाळलेल्या, डावी करंगळी वाकडी. लहानपणी तिच्यावर मुसळ अण्णांनीच पाडलं होतं. आक्काच ती. आत सटकावं म्हणून ते वाकूनच उठले, पण पुढचं दिसेना. तिपाईला अडखळले, तोल गेला आणि आक्काच्या पुढ्यात गुडघ्यांवर आले. कपाळ नेमकं त्या करंगळीवर टेकलं.

ते मान उचलणार, तोच धोंडूबाईनं नवऱ्याची मानगूट धरून खाली दाबली. "वर बगू नगासा. डोळा जाईल."

राजाबाईला रडू आलं. "ऱ्हाऊ दे रं. पावलं मला."

ती चार दिवस राहिली, भावाला हातानं भरवलं. अण्णांना घास गोड लागे आणि खोट्या माफीची लाजही वाटे.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी मान वर करायची परवानगी दिली. घरी आल्यावर अण्णांनी डावा डोळा झाकून पाहिलं. वर चढलेला बुडबुडा डोळ्याला उलटा, खाली दिसतो; त्याची रेघ तिथं डुलत होती, आणि वर, धूसर का होईना, आक्काचा चेहरा होता. अण्णांना राहवेना.

"आक्का, त्या दिशी मी पाया पडलो न्हाय. तिपाईला ठेचकाळलतो."

"ठाव हाय," राजाबाई म्हणाली. "बघितलं की मी. तुझी मान आठ दिस खाली हाय, हे धोंडूनं फोनवर सांगितलं हुतं. म्हणूनच आल्ते. तुझी मान वर असती, तर तू डोळं वटारला असतास आन् मी उंबऱ्यातनं माघारी फिरले असते."

धोंडूबाई चहा बघायला म्हणून आत गेली.

अण्णांनी तिपाई हातानं बाजूला सरकवली आणि खाली वाकले.